नकाशावर सरळ, आकाशात वाकडं

गेल्या अंकात मी माझ्या कामाबद्दल दोन पानं लिहिली होती. मी फ्लाइट डिस्पॅचर होते. म्हणजे विमानात न बसता विमानाचा रस्ता, इंधन आणि वेळ ठरवणारी बाई. एकोणतीस वर्षं ते केलं आणि आता निवृत्त आहे. लेखाच्या शेवटी ‘शंका असल्यास कळवा’ असं सहज लिहून गेले आणि संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवला. बहुतेकांची गाडी फिरून एकाच ठिकाणी येते: या शहरापासून त्या शहरापर्यंत विमानाने किती अंतर आणि किती वेळ? आमच्या ऑफिसात हा प्रश्न असा कधी कुणी विचारलाच नाही. आम्ही विचारायचो, ‘आज किती वेळ?’ त्यातला ‘आज’ काढला की उत्तर बिघडतं. ते का, हे पत्रांच्या ओघात येईलच.

ताई, मी भूगोल शिकवते. वर्गातल्या नकाशावर माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळजवळ एका आडव्या रेषेत आहेत. पट्टी लावली तर रस्ता सरळ पश्चिमेला जातो. पण विमानातल्या पडद्यावर विमान उत्तरेकडे कमान काढून गेलेलं दिसतं. मुलं विचारतात, पायलट वाकडा का जातो?

वाकडी तुमच्या पट्टीची रेघ आहे, बाई. पायलट सरळच जातो.

वर्गात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक माद्रिदवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर अंगठ्याने दाबा, दोरा ढिला असू द्या आणि मग हळूहळू ताणा. ताणता ताणता तो आपणहून उत्तरेकडे सरकेल आणि एका जागी घट्ट बसेल. गोलावरची सगळ्यात जवळची वाट ती. तिला बृहद्वृत्त म्हणतात, आम्ही ‘ग्रेट सर्कल’ म्हणायचो. दोरा सरकतो तो क्षण मुलांना स्वतःच्या बोटांनी अनुभवू द्या. फळ्यावरच्या आकृतीने हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.

आता आकडे. दोन्ही शहरं साधारण साडेचाळीस अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्या अक्षवृत्तावरून सरळ पश्चिमेला गेलं तर सुमारे ५,९३० किलोमीटर होतात. दोऱ्याच्या वाटेने होतात ५,७६५ च्या आसपास, म्हणजे दीडशेहून जास्त किलोमीटर वाचले. ही वाट मध्यावर ४६ अंशांपर्यंत वर चढते. निघताना विमानाचं नाक पश्चिमेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला असतं, आणि न्यूयॉर्कजवळ पोचताना ते नैर्ऋत्येकडे झुकलेलं असतं. मधे कुणी वळण घेतलेलं नसतं. दिशेचं नाव बदलत जातं, रस्ता सरळच राहतो.

उलट ‘सरळ पश्चिमेला’ जाणंच वाकडं असतं. खात्री करायची तर मनातल्या मनात उत्तर ध्रुवापासून दहा पावलांवर जाऊन उभ्या राहा आणि काटेकोर पश्चिमेला चालू लागा. ध्रुवाभोवती गोल फेरी मारून पुन्हा तिथेच याल, आणि सगळा वेळ उजवीकडे वळत असाल. माद्रिदला हेच होतं, फक्त वर्तुळ मोठं असल्याने लक्षात येत नाही.

भिंतीवरच्या नकाशाला दोष देऊ नका. तुमचा नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा असावा. ती पद्धत १५६९ मधली, दर्यावर्दी लोकांसाठी केलेली. होकायंत्राची सुई एका कोनावर धरून जहाज हाकलं की त्या नकाशावर सरळ रेघ उमटते, त्यासाठीच तो बनवला. जवळची वाट दाखवणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

माद्रिदची कमान तशी सौम्य आहे. मुलांना खरी गंमत दाखवायची तर सिडनी आणि सान्तियागो घ्या. चिलीची राजधानी आणि सिडनी, दोन्ही ३३-३४ अंश दक्षिणेला. नकाशा म्हणतो, पॅसिफिक महासागर आडवा ओलांडा, पावणेतेरा हजार किलोमीटर. दोरा म्हणतो ११,३४०. आणि हा दोरा खाली ६१ अंश दक्षिणेच्याही पलीकडे, अंटार्क्टिकाच्या दिशेने जातो. चौदाशे किलोमीटरचा फरक! एवढ्यात अख्खा देश ओलांडून होतो.

लंडनहून न्यूयॉर्कला जाताना आठ तास लागले, येताना साडेसहा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून असं होतं का? पण मग जातानाच वेळ कमी लागायला हवा, कारण न्यूयॉर्क आपल्याकडे सरकत येतं. डोकं चालेनासं झालंय.

डोकं बरोबर चाललंय, कारण तुम्ही स्वतःच चूक पकडली आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा हिशोब थेट धरला असता तर विमानाची गरजच नव्हती. विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किलोमीटर वेगाने सरकते. हेलिकॉप्टर एका जागी लटकवून ठेवायचं आणि खालून हवं ते शहर आलं की उतरायचं! तसं होत नाही, कारण हवाही जमिनीबरोबर फिरते. धावत्या बसमधली माशी मागच्या काचेवर आपटत नाही, तसंच.

फरक पडतो तो वाऱ्याने. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकं जिथे विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरकस वाऱ्याच्या अरुंद नद्या वाहतात. त्या जेट स्ट्रीम. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उबदार हवा यांच्यातल्या फरकावर त्या पोसल्या जातात, म्हणून हिवाळ्यात जास्त माजतात. दोन्ही गोलार्धांत त्या पूर्वेकडेच का वळतात, याचं कारण मात्र पृथ्वीचं फिरणं. त्यामुळे पृथ्वीला पूर्ण निर्दोष सोडता येत नाही, फक्त ती थेट हात लावत नाही.

या वाऱ्याची पद्धतशीर मोजणी जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात केली. तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडायचे आणि ते कुठे वाहत जातात ते दुर्बिणीतून टिपायचे. बाहेरच्या जगाला कळावं म्हणून त्यांनी निष्कर्ष एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापले. ती भाषा जगाने वाचली नाही आणि वाऱ्याची बातमी दबून राहिली. मला या माणसाबद्दल फार वाटतं.

आता हिशोब बघा. अंतर साडेपाच हजार किलोमीटर, विमानाचा हवेतला वेग ताशी ९००, वारा ताशी १५०. पाठीशी वारा असेल तर ५ तास १४ मिनिटं, समोरून असेल तर ७ तास २० मिनिटं. लोकांना वाटतं जाता-येता फिटंफाट होते. होत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १२ तास १३ मिनिटं लागली असती, वाऱ्यात १२ तास ३४ लागतात. कारण वारा समोरून असताना तुम्ही त्याच्या तावडीत जास्त वेळ असता. ही एकवीस मिनिटं कुणीच परत देत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. ध्वनीपेक्षा जास्त, पण कडाडणारा आवाज काही झाला नाही, कारण भोवतालची हवाच त्याच्याबरोबर पळत होती.

म्हणून अटलांटिकवर रस्ते रोज नव्याने आखले जातात. न्यूफाउंडलंडमधलं गँडर आणि आयर्लंड-स्कॉटलंडचं शॅनविक, ही दोन नियंत्रण केंद्रं वारा बघून समांतर मार्गांचा जुडगा जाहीर करतात, पश्चिमेला जाणाऱ्यांचा वेगळा आणि पूर्वेला येणाऱ्यांचा वेगळा. येणारे वाऱ्याच्या नदीत शिरतात, जाणारे तिला टाळतात. कधीकधी टाळण्यासाठी चारशे किलोमीटर जास्त उडावं लागतं, तरी वेळ कमी लागतो. ‘लांबचा रस्ता लवकर पोचवतो’ हे नव्या मुलांच्या गळी उतरवायला आम्हाला आठवडा लागायचा.

माझ्या गळी उतरायला तर त्याहून जास्त लागला. नोकरीचा दुसरा महिना होता. तेव्हा वाऱ्याचे तक्ते कागदावर यायचे. त्यावर वारा बाणासारखा काढलेला असतो: एक दांडी आणि तिच्या एका टोकाला पिसासारख्या काड्या. लांब काडी दहा नॉटची (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर), आखूड पाचची, भरीव त्रिकोण पन्नासचा. माझ्या मार्गावर बहुतेक ठिकाणी चार लांब आणि एक आखूड, म्हणजे पंचेचाळीस नॉट. आकडा बरोबर वाचला. पण वारा पिसांकडून दांडीच्या मोकळ्या टोकाकडे वाहतो, आणि मी तो उलटा धरला. समोरचा वारा माझ्या कागदावर पाठीशी गेला. वेळ काढली ५ तास ५ मिनिटं. त्यानुसार इंधन काढलं, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि वरिष्ठांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीतून वारा दिसत नाही, पण त्यांची ती सवय होती. म्हणाले, “काल या विमानाला सहा तास लागले. आज काय त्याला पंख फुटले?”

मी म्हटलं, “सर, वारा पाठीशी आहे.”

“वारा पिसांकडून येतो, बाई. पिसांकडे जात नाही.”

पुन्हा केलं. ६ तास १० मिनिटं आली. पासष्ट मिनिटांचा फरक म्हणजे त्या विमानाला पाच टनांहून जास्त इंधन. राखीव इंधन असतंच म्हणा: पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर आणखी अर्ध्या तासाचं, ज्याला हात लावायची वेळ यावी असं कुणालाच वाटत नाही. पण माझी चूक ते सगळं खाऊन गेली असती. त्या दिवसापासून वेळ काढली की मी आधी कालची वेळ बघायची. निवृत्त झाल्यावरही सवय जात नाही. स्वयंपाकघरातल्या घड्याळालासुद्धा विचारते, काल किती वाजले होते?

लंडन-न्यूयॉर्क अंतर तीन ठिकाणी पाहिलं. एकीकडे ५,५७०, दुसरीकडे ५,५४०, तिसरीकडे ५,५५४ किलोमीटर. चौथ्या ठिकाणी तर २,९९९! खरं कोणतं?

चारही खरे. पहिला शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत. दुसरा हीथ्रो ते केनेडी विमानतळ, पृथ्वी चेंडूसारखी गोल धरून. तिसरा त्याच दोन विमानतळांमधला, पण पृथ्वी जशी आहे तशी, ध्रुवांपाशी किंचित चपटी धरून. पृथ्वीची त्रिज्या विषुववृत्तावर ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडे ६,३५७. एवढ्याशा फरकाने चौदा किलोमीटर इकडे-तिकडे होतात. चौथा आकडा म्हणजे तिसराच, पण सागरी मैलांत.

या चौथ्यापाशी सांभाळा. सागरी मैल १,८५२ मीटरचा, रस्त्यावरचा मैल १,६०९ मीटरचा. २,९९९ ला साधे मैल समजून किलोमीटर केलेत तर सातशेहून जास्त किलोमीटर हवेत विरून जातील. सागरी मैल आम्हाला प्रिय आहे तो उगीच नाही. रेखावृत्तावरून उत्तर-दक्षिण जाताना अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ सागरी मैल, एक कला (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल. नकाशाच्या कडेलाच मोजपट्टी तयार असते.

एककांची गल्लत किती महागात पडते याचं उदाहरण आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात सांगायचे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ मध्ये इंधन भरताना किलो आणि पौंड यांची अदलाबदल झाली आणि निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान निघालं. वाटेत हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते ग्लायडरसारखं तरंगवत गिम्लीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. तिथे तेव्हा मोटारींच्या शर्यती चालायच्या. जीव कुणाचाच गेला नाही.

तिकिटावर २ तास १० मिनिटं. प्रत्यक्षात हवेत होतो १ तास २५. बाकीची पाऊण तास कंपनी कुठे लपवते?

लपवत नाही, पण थोडी उशाशी ठेवते. वेळापत्रकात छापतात तो ‘ब्लॉक टाइम’. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान मागे ढकलायला सुरुवात झाली की घड्याळ सुरू, आणि पलीकडे जाऊन चाकांना पुन्हा ठोकळे लागले की बंद. यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं, तिथली रांग, उतरल्यावर गेटपर्यंत जाणं, सगळं येतं. मोठ्या विमानतळावर गर्दीच्या वेळी नुसतं बाहेर पडायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात.

हवेतही विमान लगेच ताशी ९०० ला पोचत नाही. दहा हजार फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. उतरण्याचा ढोबळ नियम असा की दर हजार फुटांना तीन सागरी मैल लागतात. पस्तीस हजार फुटांवरून उतरायचं तर जवळजवळ दोनशे किलोमीटर आधी उतार सुरू करावा लागतो. तुमच्या कानात दडे बसायला लागतात तेव्हा शहर अजून दोन जिल्हे दूर असतं. चढायलाही जवळपास तेवढंच अंतर जातं. त्यामुळे चारशे किलोमीटरच्या प्रवासात विमान चढतं आणि उतरतं, मधे सपाटीवर असं फारसं उडतच नाही.

आता उशाशी ठेवलेल्या मिनिटांबद्दल. हो, कंपन्या वेळ थोडी फुगवून छापतात. अमेरिकेत पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर धरतात, आणि दहा मिनिटं जास्त छापली की वेळेवर पोचणाऱ्यांची टक्केवारी छान दिसते. प्रवासी खूश, ‘लवकर पोचलो’ म्हणतात, आणि मग गेट रिकामं नाही म्हणून पंधरा मिनिटं टॅक्सीवेवर बसून राहतात. याचं मला नेहमी हसू यायचं. पण सगळीच फुगवाफुगवी म्हणू नका. छापील वेळ महिन्यांआधी ठरते आणि वारा त्या दिवशी.

टोकियोहून संध्याकाळी पाचला निघालो आणि सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी सकाळी साडेनऊला उतरलो. म्हणजे मी विमानात उणे साडेसात तास होतो काय?

साडेनऊ तास होतात. दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे सगळ्या जगासाठी ठरवलेल्या एकाच प्रमाणवेळेत आणा, एवढं एकच करायचं. टोकियो नऊ तास पुढे, म्हणजे निघालात आठला. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात आठ तास मागे, म्हणजे पोचलात साडेसतराला. वजाबाकी झाली. ऑफिसात भिंतीवर एकच घड्याळ असायचं, यूटीसीचं, आणि घरी जेवायला कधी जायचं ते आम्ही आपापल्या मनगटावर बघायचो.

‘हिवाळ्यात’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. उन्हाळी वेळ सगळीकडे एकाच दिवशी सुरू होत नाही. मार्चमध्ये अमेरिका घड्याळ आधी पुढे करते, युरोप महिन्याच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक पाच तासांऐवजी चारच असतो. त्या दिवसांत आमच्याकडचे फोन दुप्पट वाजायचे.

घड्याळावर विश्वास ठेवायचा नाही याचा माझा आवडता दाखला म्हणजे सामोआतलं आपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो. मधे सुमारे सव्वाशे किलोमीटर पाणी. छोटं विमान पाऊण तासाच्या आत पोचतं. पण सामोआने २०११ च्या शेवटी ३० डिसेंबर हा दिवसच गाळून आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. आता दोन्हींत बरोबर चोवीस तासांचा फरक आहे. आपियाहून मंगळवारी दुपारी निघालात की पागो पागोला सोमवारी दुपारी पोचता. येताना तेवढाच दिवस परत द्यावा लागतो.

हेलसिंकी-टोकियो प्रवास पूर्वी साडेनऊ तासांचा होता, आता तेरा लागतात म्हणे. शहरं तर हलली नाहीत.

शहरं नाही हलली, दारं बंद झाली. जवळची वाट सुमारे ७,८०० किलोमीटरची आणि जवळजवळ सगळी रशियावरून जाणारी. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं. मग एक तर दक्षिणेकडून वळसा, नाही तर सरळ उत्तर ध्रुवावरून. यात नवं काही नाही. १९८३ मध्ये हेलसिंकी-टोकियो विनाथांबा सेवा सुरू झाली तेव्हा सोव्हिएत आकाश टाळायला डीसी-१० विमानं ध्रुवावरूनच जायची. एकोणचाळीस वर्षांनी जुना रस्ता पुन्हा झाडून-पुसून काढला.

आकाश उघडं असूनही न जाण्याच्या जागा असतात. तिबेटचं पठार त्यातलं एक. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान झटपट दहा हजार फुटांपर्यंत उतरवायचं असतं, तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. प्रवाशांच्या डोक्यावरचा प्राणवायू बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटांचाच असतो. आणि तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ पंधरा हजार फूट. उतरणार कुठे? म्हणून वळसा.

दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक बेडी असते: एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ सतत हाताशी हवा. पूर्वी ही मर्यादा साठ मिनिटांची होती, १९८५ मध्ये एकशेवीस झाली, आता काही विमानांना तीनशेहून जास्त मिनिटं मिळतात. वर सांगितलेला सिडनी-सान्तियागोचा दोरा आठवा. अंटार्क्टिकाकडे उतरायला जागा कुठे आहे? तिथे दोरा आणि नियम यांच्यात रोज वाटाघाट चालते.

पन्नास वर्षांत विमानं जास्त वेगवान का झाली नाहीत?

झाली होती. काँकॉर्ड १९७६ ते २००३ प्रवासी घेऊन ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडत होतं. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी ते न्यूयॉर्क-लंडन २ तास ५३ मिनिटांत गेलं. पण इंधन अफाट प्यायचं, आणि जमिनीवरून जाताना त्याचा धमाका कुणाला नको होता. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम उसळतो, म्हणून सगळे त्याच्या ऐंशी-पंचाऐंशी टक्क्यांवर थांबतात. विमानं वेगाऐवजी काटकसर शिकली.

काकू, मी सातवीत आहे. दोन शहरांमधलं अंतर माहीत असेल तर वेळ काढायचं एखादं सोपं सूत्र सांगा ना.

चार हजार किलोमीटरपर्यंत अंतराला ८०० ने भाग, त्यापुढे ८५० ने. आलेल्या तासांत अर्धा तास मिळव. सिंगापूर-न्यूयॉर्क सुमारे १५,३५० किलोमीटर आहे. भागून बघ, साडेअठरा तासांच्या थोडं वर येईल, आणि जगातली ही सगळ्यात लांब नियमित उड्डाणं जवळपास तेवढीच घेतात. पूर्व-पश्चिम लांबचा प्रवास असेल तर पूर्वेला जाताना अर्धा तास वजा कर आणि पश्चिमेला जाताना मिळव. पंखा असलेलं छोटं विमान असेल तर ८०० च्या जागी ५०० धर.

हे सूत्र कुठे आपटतं तेही सांगते, म्हणजे तू मला पकडायच्या आधी मीच कबूल केलेलं बरं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यांतल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून नियमित विमान जातं. अंतर २.७ किलोमीटर. माझं सूत्र म्हणेल, अर्धा तास. वेळापत्रक म्हणतं दोन मिनिटं. आणि एकदा वारा पाठीशी असताना ते त्रेपन्न सेकंदांत पोचलं होतं.